पिकअपचं तोंड उचलताय? घाट उतरण्याआधी हे तपासा

नंदुरबार : रिकाम्या पिकअपची पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी खाली असते. हा दोष नाही. माल भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडी समपातळीत येते. लेव्हलिंग किट टाकून पुढचा भाग उचलला, की रिकामी गाडी सरळ दिसते. पण पपई, मिरची भरताच मागून बसते अन् तोंड वर होतं.

काय बिघडतं?

• चाकांचे कोन बदलतात. गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने झिजतात.
• बॉल जॉइंट, टाय रॉडवर जादा ताण येतो. ब्रेकचा होज ताणला जाऊ शकतो.
• हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.
• उंची वाढल्याने चांदसैली, तोरणमाळसारख्या घाटांत वळणावर तोल जाण्याचा धोका वाढतो.

किट टाकल्याने भारक्षमता वाढत नाही. आरसीवर लिहिलेली तेवढीच राहते. परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

किट आधीच बसवलं असेल, तर अलाइनमेंट, होज आणि हेडलाइट आजच तपासून घ्या. किट काढून टाकलेलं सगळ्यात बरं.