तळटीप : औषधाला न मरणारी अळी

७. लेखकाने ‘अळी औषधाला सरावली’ असे लिहिले आहे. पण एकटी अळी जन्मभरात सरावत नाही, बदलते ती तिची सगळी जमात. निपाणीच्या तंबाखूवर, आणि आता त्याच रानातल्या सोयाबीनवर पडणारी ही पाने खाणारी अळी म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युरा. मादी पतंग पुंजक्यांनी शेकडो अंडी घालते. पिढी साधारण महिन्याभरात उरकते. एवढ्या पिलावळीत काहींच्या जनुकांत विष मोडून काढणारी विकरे जास्त बनवण्याची सोय आधीपासून असते. फवारणी ती निर्माण करत नाही. बाकीच्या मरतात, या उरतात, पुढची पिढी यांचीच. दरवर्षी तेच औषध मारले, की त्या जनुकांचे प्रमाण चढत जाते. डार्विनने १८५९ साली मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच, फक्त इथे निवडणारा आपला पंप असतो. पतंग मात्र रात्री दूरवर उडतात. कागलकडचा नर निपाणीतल्या मादीशी जुळतो, न फवारलेल्या शेतातली जनुके त्यात मिसळतात आणि प्रतिकाराची चढण थोडी मंदावते. ही चढण आणखी रोखायची तर एकाच औषधाचा मारा कमी व्हायला हवा. म्हणूनच औषधे आलटूनपालटून वापरावीत, तंबाखूच्या कडेने एरंड लावून त्यावरचे अंडीपुंज वेचावेत, हा जुना सल्ला मला फार मोलाचा वाटतो. – संपादक