पाटण, देवगिरी आणि शरीरातले पाट

यादवकाळात शरीरातल्या वाहिन्यांचे ज्ञान सिरा, धमनी आणि नाडी या तीन शब्दांत मांडले जाई. पाया सुश्रुताचा होता. नाभीपासून निघणाऱ्या ४० मूळ सिरा फुटत फुटत ७०० होतात आणि मळ्यातल्या पाटांसारख्या अंगभर ओलावा पोचवतात, असे तो सांगतो. त्यांतल्या ९८ सिरांवर शस्त्र चालवू नये, हा त्याचा सक्त दंडक. वाग्भटाने मात्र दहा मूळ सिरांचे स्थान हृदयात मानले, आणि ते सत्याच्या अधिक जवळ होते.

याच यादवकाळात चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तो सिंघण यादवाचा ज्योतिषी. डोंगरापलीकडे देवगिरीला त्याच राजाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ हा संगीताचा ग्रंथ, पण त्याच्या आरंभीच शरीररचना येते. कारण नाद देहातून उठतो. हृदयाशी जोडलेल्या २२ आडव्या नाड्यांतून २२ श्रुती निघतात, ही त्याची कल्पना विलक्षण सुंदर आहे. अशा नाड्या शवविच्छेदनात सापडत नाहीत.

रक्त हृदयातून धमन्यांत जाते व शिरांवाटे परतते, हे हार्वेने १६२८ मध्ये दाखवले. दोहोंना जोडणाऱ्या केशवाहिन्या माल्पीगीला १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात दिसल्या. हे नवे शारीरशास्त्र मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. चांगदेवाच्या मठाची नोंद असलेला पाटणचा शिलालेख १८६५ मध्ये प्रसिद्ध केला तो याच डॉक्टरांनी.