रॅकेटची मूठ, एक फूटपट्टी आणि सोळा खेळाडू

रिसर्चकडे वळू पाहणारे बरेच जण मला विचारतात, "दादा, गॅप शोधायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" आज त्याचं उत्तर टेनिस रॅकेटच्या मुठीवरून देतो. विषय किरकोळ वाटेल, पण थोडं थांबा.

आधी माझी फजिती. एम.एस्सी.ला असताना सीनियरकडून जुनी रॅकेट घेतली. मूठ पार गुळगुळीत झालेली. दोन महिन्यांत कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. कोर्टवर रोज येणाऱ्या एका काकांनी लगेच निदान केलं, "तुझ्या हाताला मूठ बारीक पडते. ओव्हरग्रिप चढव." मी एकावर एक दोन चढवल्या. दुखणं थांबलं आणि मी हाच सल्ला पुढे चार जणांना दिला.

आता सांगा, दुखणं कशामुळे थांबलं? मूठ जाड झाली म्हणून, की नव्या टेपमुळे हात घसरायचा थांबला म्हणून? (शिवाय त्याच सुमारास परीक्षा होती आणि तीन आठवडे रॅकेट हातातच घेतली नव्हती. हे मी त्या चौघांना सांगितलं नव्हतं.)

या गोंधळाला मोठा इतिहास आहे. वॉल्टर विंगफील्ड यांनी लॉन टेनिसचं पेटंट घेतलं 1874 साली. त्या काळात मूठ म्हणजे उघडं लाकूड. हात घसरू नये म्हणून त्यावर बारीक खाचा कोरायच्या, बस. चामड्याची पट्टी गुंडाळायची पद्धत रुळली ती पुढे 20व्या शतकात. तिचं एक टोक निमुळतं कापलेलं असतं. ते मुठीच्या बुडाशी छोट्या खिळ्याने ठोकायचं आणि पट्टी तिरकी वर न्यायची. आजही मूळ ग्रिप बदलताना तो खिळा किंवा स्टेपल आधी काढावा लागतो, नाहीतर बोटाला लागतो. अनुभव आहे.

दुखण्याचा इतिहासही जवळपास तितकाच जुना. 1882 मध्ये हेन्री मॉरिस यांनी 'लॅन्सेट'मध्ये लॉन टेनिसमुळे दुखणाऱ्या हाताबद्दल लिहिलं आणि पुढच्याच वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 'लॉन टेनिस एल्बो' हे नाव आलं. गंमत म्हणजे त्याच्या आधी, 1873 मध्ये, रुंगं नावाच्या जर्मन डॉक्टरांनी असंच दुखणं लेखनिकांमध्ये नोंदवलं होतं. थीसिस लिहिणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मग मुठीचा आकार या चर्चेत आला कुठून? मुठीचा घेर इंचात मोजतात, 4 1/4, 4 3/8, 4 1/2 असा, म्हणजे एका साइझमध्ये 1/8 इंचाचा फरक. 1970च्या दशकात रॉबर्ट नर्शल या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकांची मोजणी प्रसिद्ध झाली. तळहातावरच्या मधल्या आडव्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत फूटपट्टी लावा. येईल तो आकडा म्हणजे तुमच्या मुठीचा घेर. माझ्या मते ही पद्धत पसरली ती सोपी होती म्हणून. फूटपट्टी सगळ्यांकडे असते. आणि "चुकीच्या साइझमुळे कोपर दुखतं" हे वाक्य ऐकायलाही पटतं.

तपासणी झाली 2006 मध्ये. जॉर्ज हॅच आणि सहकाऱ्यांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये प्रयोग छापला. कॉलेज पातळीवरचे 16 खेळाडू, कोपर न दुखणारे. प्रत्येकाला तीन मुठी: नर्शल मापाची, त्याहून 1/4 इंच लहान आणि 1/4 इंच मोठी. एका हाताचे बॅकहँड मारायला लावले आणि कोपराखालच्या पाच स्नायूंमध्ये बारीक तारा घालून ईएमजी घेतला. निकाल असा, की तिन्ही मुठींमध्ये एकाही स्नायूच्या कामात लक्षणीय फरक नाही.

इथे घाई करू नका. "म्हणजे साइझचा काही संबंध नाही" असं या निबंधातून निघत नाही. ज्यांचं कोपर आधीच दुखतंय, त्यांच्याबद्दल तो काही सांगत नाही. स्नायूचं काम म्हणजे इजा नव्हे. आणि 16 जणांत फरक दिसला नाही याचा अर्थ तो नाहीच, असाही होत नाही. सिद्ध झालं ते एवढंच, की दोन साइझ इकडे-तिकडे झाल्याने निरोगी खेळाडूचे स्नायू जास्त राबतात, या समजुतीला या मोजमापात आधार मिळाला नाही. ओव्हरग्रिपच्या हिशोबात पाहा: एका ओव्हरग्रिपने घेर साधारण 1/16 इंच वाढतो असं धरतात. म्हणजे माझ्या दोन ओव्हरग्रिप्सनी जेमतेम एक साइझ वाढवली होती. काकांचं निदान जरा डळमळतं, नाही का?

दुसरा धागा याहून जुना आहे. 1976 मध्ये एच. हात्झे यांनी फटक्याच्या वेळची बलं आणि पकडीचा घट्टपणा यांवर निबंध लिहिला होता. घट्टपणा हा वेगळा चल आहे आणि तो फूटपट्टीने मोजता येत नाही. ओव्हरग्रिपचं खरं काम इथेच असावं असं मला वाटतं. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची पट्टी घाम शोषते किंवा चिकटपणा देते, आणि मूठ आवळून धरायची गरज कमी करते. पीट सॅम्प्रसच्या रॅकेटवरची फिकट निळी टेप कोरड्या जातीची. फार घाम येणाऱ्यांना ती मानवते. चिकट जातीची टेप ओली झाली की निसटते. पावसाळ्यात कोकणपट्टीत खेळणाऱ्यांना हे सांगायला नकोच. जुनी टेप चकाकायला लागली की बदला. निमुळतं टोक बुडाशी धरून, हलका ताण देत, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडासा चढवत वर न्या. जास्त चढवलीत तर मुठीच्या आठ कडा बोटांना लागेनाशा होतात.

तुमच्यासाठी गृहपाठ: हॅच यांचा निबंध मिळवा आणि सारांश न वाचता थेट पद्धतीच्या भागावर जा. दोन गोष्टी शोधा. तिन्ही मुठींवरचा पृष्ठभाग सारखा ठेवला होता का, आणि खेळाडू मूठ किती आवळतात हे मोजलं होतं का? काय सापडलं ते वहीत दोन ओळींत लिहा. त्यानंतरच निष्कर्ष वाचा.