चिकित्सा मानसशास्त्रातील संशोधनपद्धती
मनोविकारांची कारणे, निदान आणि उपचारांची परिणामकारकता यांचा शास्त्रीय शोध घेण्याच्या पद्धती. यांपैकी उपचाराने रुग्णास खरोखर गुण येतो किंवा नाही, हे ठरविण्याचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला आणि या पद्धतींचा इतिहास बव्हंशी त्याच प्रश्नाभोवती घडला.

लायटनर विटमर (१८६७–१९५६) यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय स्थापन केले. त्या काळी एकेका रुग्णाचा सविस्तर वृत्तांत हेच संशोधनाचे प्रमुख साधन होते. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांच्या मनोविश्लेषणाची उभारणीही मुख्यतः अशाच वृत्तांतांवर झाली. व्यक्तिवृत्तातून नव्या कल्पना विपुल सुचतात. परंतु रुग्ण बरा झाला तो उपचारामुळे की केवळ काळ लोटल्यामुळे, हे त्यावरून सांगता येत नाही. शिवाय नोंदी बहुधा उपचारकाने स्मरणाने लिहिलेल्या असत. कार्ल रॉजर्स (१९०२–८७) यांनी भेटींचे ध्वनिमुद्रण करून हा दुसरा दोष दूर केला व १९४२ च्या आपल्या ग्रंथात एका रुग्णाशी झालेले संपूर्ण संभाषण शब्दशः छापले.

पहिल्या दोषावर हान्स आयझेंक (१९१६–९७) यांनी १९५२ मध्ये प्रखर हल्ला चढविला. आठ हजारांहून अधिक रुग्णांविषयीचे २४ अहवाल एकत्र करून त्यांनी असे दाखविले, की मानसोपचार न घेताही सु. दोनतृतीयांश मज्जाविकृत रुग्ण दोन वर्षांत सुधारतात. म्हणून उपचारांचे यश सिद्ध झालेले नाही. त्यांची तुलना मात्र सदोष होती. तुलनेचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि ‘सुधारणा’ या शब्दाचा अर्थही सर्वत्र एक नव्हता. तरीही या टीकेनंतर नियंत्रित गटाची मागणी टाळणे कोणालाही शक्य राहिले नाही.

अशा गटावाचून केवढी फसगत होऊ शकते, याचे बोलके उदाहरण म्हणजे मॅसॅचूसेट्समधील केंब्रिज-समरव्हिल प्रकल्प. गुन्हेगारीस प्रतिबंध करावा या हेतूने रिचर्ड कॅबट (१८६८–१९३९) या वैद्याने तो योजिला होता. वय, बुद्धी, कौटुंबिक परिस्थिती इ. बाबतींत सारख्या मुलांच्या जोड्या लावून, नाणेफेक करून जोडीतील एकास साहाय्य-गटात व दुसऱ्यास नियंत्रित गटात घालण्यात आले. साहाय्य-गटातील मुलांना १९३९ ते १९४५ या काळात समुपदेशकांच्या नियमित भेटी, अभ्यासात मदत, वैद्यकीय सेवा व उन्हाळी शिबिरे यांचा लाभ मिळाला. सु. तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड (१९३०–२००४) यांनी ५०६ जणांचा मागोवा घेतला. साहाय्य मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तरे पाठविली, त्यांतील सु. दोनतृतीयांश लोकांनी प्रकल्पाचा आपणास उपयोग झाल्याचे कळविले. कित्येकांनी आपल्या समुपदेशकाची प्रेमाने आठवण काढली. नोंदी मात्र वेगळेच सांगत होत्या. मद्यासक्ती, गंभीर मनोविकार, अकाली मृत्यू आणि पुन्हा गुन्हा करणे यांचे प्रमाण साहाय्य-गटातच अधिक होते. हे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. नियंत्रित गट नसता, तर हाच प्रकल्प यशस्वी म्हणून गौरविला गेला असता. पुढे १९९९ मध्ये मॅकॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचविले, की शिबिरांत एकत्र आलेल्या मुलांनी परस्परांच्या वाईट वर्तनास उत्तेजन दिले असावे.

उपचारापासून कोणास वंचित ठेवणे नैतिक दृष्ट्या योग्य आहे काय, ही अडचण उरतेच. रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ च्या अभ्यासात काही रुग्णांना आरंभी थोडा काळ थांबवून, त्या काळातील बदलाची उपचारकाळातील बदलाशी तुलना केली. प्रतीक्षा-यादीचा असा उपयोग पुढे रूढ झाला. मात्र गंभीर विकारात तो करता येत नाही. तेथे एका उपचाराची दुसऱ्या प्रस्थापित उपचाराशी तुलना करतात.

मेरी ली स्मिथ व जीन ग्लास यांनी १९७७ मध्ये ३७५ अभ्यासांचे निष्कर्ष संख्याशास्त्रीय रीतीने एकत्र केले. ही रीत मेटा-ॲनालिसिस या नावाने ओळखली जाते. उपचार घेतलेला सर्वसाधारण रुग्ण उपचार न घेतलेल्यांपैकी सु. ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असतो, असे त्यांना आढळले. आयझेंक यांना ते पटले नाही. निकृष्ट अभ्यास कितीही एकत्र केले, तरी त्यांतून उत्तम पुरावा निर्माण होत नाही, असा त्यांचा आक्षेप होता.