आठ दिवस, चोवीस पाळ्या, एक कडी

१ जून २०२०, सोमवार. भुसावळच्या ८२ वर्षांच्या एका आजींना जळगावच्या सिव्हिलमध्ये आणलं जातं. अहवाल पॉझिटिव्ह. वॉर्ड कोविडचा, म्हणजे नातेवाइकांना आत मज्जाव.

सरकारी दवाखाना निम्मा चालतो तो पेशंटजवळच्या माणसावर. सलाइन संपत आलं की सिस्टरला हाक मारणारा तोच, एक्स-रेसाठी स्ट्रेचर ढकलणारा तोच आणि म्हाताऱ्या माणसाला धरून संडासापर्यंत नेणाराही तोच. कोविडने त्याला बाहेर काढलं. ते गरजेचंच होतं. त्याची कामं कोण करणार, हे मात्र कुणी ठरवलं नाही.

२ जून. १९२ तास बाकी. खाट रिकामी, आजी वॉर्डात नाहीत. पेशंट दिसेनासा झाला तर आधी कुठे पाहायचं, हे शाळकरी पोरही सांगेल.

१६८ तास. १४४ तास. दिवसाला तीन पाळ्या, म्हणजे आठ दिवसांत चोवीस. दर पाळीला खाटेखाटेवरचा पेशंट पाहून ओव्हर द्यायची-घ्यायची असते. किटमध्ये घामाने निथळणाऱ्या, आधीच अपुऱ्या पडलेल्या सिस्टरांवर सगळं खापर फोडणं मला पटत नाही. जिल्ह्याचा मृत्युदर तेव्हा देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट होता, त्यांची अवस्था काय असेल ते उघड आहे. पण संडास रोज धुवायचा असतो. एकच दार दिवसेंदिवस आतून बंद असेल, तर ते का बंद आहे हे विचारायचं काम कुणाचं होतं?

मधल्या काळात घरच्यांना कळतं की आजी बेपत्ता आहेत. पोलिसांत नोंद होते. कागदावर आजी आता ‘हरवलेली व्यक्ती’. ज्यांच्या ताब्यात त्या दिल्या होत्या, त्यांच्या त्या पेशंट उरल्या नाहीत.

१० जून, बुधवार. शून्य तास. वॉर्डाच्या संडासातून दुर्गंधी येते. दार उघडलं जातं. आजींचा मृतदेह आत असतो, वॉर्डातल्या खाटांपासून काही पावलांवर.

मग सगळं भराभर घडलं. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले, जिल्हाधिकारी बदलले. माणसं बदलली म्हणून दाराची कडी बदलते असं नाही. बाहेरून उघडता येणारी कडी, आधाराला दांडी, हाताशी घंटा हे सगळं मिळून एका व्हेंटिलेटरच्या किमतीच्या पासंगालाही पुरणार नाही.

जळगाव असो की धुळे, पुढच्या वेळी कुणाचा डबा घेऊन सिव्हिलला गेलात तर वॉर्डाच्या संडासाची कडी बघा. ती बाहेरून उघडत नसेल, तर तिथेच कागद मागून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.