डिक्शनरी : शोधाशोध न करता माहिती

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये माहिती साठवण्याचा परिचित मार्ग म्हणजे यादी. मात्र हवी असलेली नोंद यादीत कितवी आहे हे ठाऊक नसेल, तर पहिलीपासून एकेक तपासत जावे लागते. दहा नोंदींत हे खपून जाते, दहा लाखांत नाही. ही अडचण दूर करणाऱ्या रचनेस पायथन भाषेत डिक्शनरी म्हणतात. पर्लमध्ये तिलाच हॅश, तर जावामध्ये मॅप असे नाव आहे.

डिक्शनरीतील प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात. ज्यावरून शोधायचे ती ‘की’ आणि जे हाती यावयास हवे ती ‘व्हॅल्यू’. मुंबई ०२२, पुणे ०२०, नागपूर ०७१२ अशी एसटीडी कोडची डिक्शनरी केल्यास शहराचे नाव ही की ठरते. डिक्शनरीच्या नावापुढे चौकोनी कंसात ‘पुणे’ लिहिले की ०२० हे उत्तर मिळते. (कोड अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणूनच लिहावा, संख्या मानल्यास आरंभीचे शून्य टिकत नाही.)

या वेगामागे हॅशिंग हे तंत्र आहे. कीवरून गणिताने एक संख्या काढली जाते आणि स्मृतीत नेमके कोठे पाहायचे हे त्या संख्येवरून ठरते. त्यामुळे नोंदी कितीही वाढल्या तरी शोधास लागणारा सरासरी वेळ जवळपास तेवढाच राहतो. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये ही कल्पना मांडली. की मध्येच बदलली तर तिची जागाही चुकेल. म्हणूनच पायथनमध्ये बदलता येणारी यादी की म्हणून चालत नाही.

की अक्षरशः जुळावी लागते. ‘मुंबई’ आणि ‘मुम्बई’ या संगणकाच्या लेखी दोन वेगळ्या की आहेत. नसलेली की मागितल्यास पायथन ‘की एरर’ देऊन थांबते. ‘गेट’ वापरल्यास त्रुटी येत नाही, पर्यायी उत्तर मिळते. पण नवशिक्याने सरसकट ‘गेट’ वापरू नये, कारण चूक लपून राहते.

त्याहून घातक प्रकार निराळाच. त्याच कीवर पुन्हा काही साठवले, तर जुनी व्हॅल्यू कोणतीही सूचना न देता पुसली जाते. ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक नावावरून साठवले आणि एकाच नावाचे दोघे निघाले, तर पहिल्याचा क्रमांक नाहीसा होतो आणि प्रोग्रॅम बिनतक्रार चालत राहतो. अशा वेळी नावाऐवजी ग्राहक क्रमांक ही की घ्यावी, किंवा नवी नोंद करण्यापूर्वी ती की आधीच आहे काय, हे ‘इन’ने तपासावे.