औषधकंपनीचा सल्लागार आणि प्राध्यापकाचे गुण

युजीन गारफिल्ड १९५४ साली फिलाडेल्फियात आला तो स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच या औषधकंपनीचा सल्लागार म्हणून. त्याने रसायनशास्त्र आणि ग्रंथालयशास्त्र शिकलेलं. त्याच वर्षी कंपनीने थोराझिन हे मनोविकारांवरचं औषध अमेरिकेत आणलं. अशा औषधाबद्दल जगभर काय छापून येतंय हे वेळेत कळणं कंपन्यांसाठी पैशाचा प्रश्न होता. दुसऱ्याने आधीच केलेलं काम पुन्हा करणं कोणाला परवडणार?

सूचीकाराचं सर्वांत कंटाळवाणं काम म्हणजे वीतभर लांब रासायनिक नावावरून रेणूसूत्र काढणं. गारफिल्डने त्याकडे भाषेच्या अंगाने पाहिलं. ‘ब्युटेन’मधला ‘ब्युट’ ४ कार्बन सांगतो, ‘एन’ सांगतो की सगळे बंध एकेरी. ‘ब्युटीन’ झालं की २ हायड्रोजन कमी, ‘ब्युटेनॉल’ झालं की १ ऑक्सिजन जास्त. नावाची अशी फोड करायची, प्रत्येक तुकड्याचा हिशेब मांडायचा आणि बेरीज करायची. रेणूचं चित्र काढायची गरजच नाही, म्हणजे हे संगणकालाही जमेल! (प्रकृती-प्रत्यय घोकलेल्या आपल्या लोकांना यात फार नवल वाटू नये.) या कामाला १९६१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने पीएच.डी. दिली, तीही भाषाशास्त्रात.

न्यू जर्सीत कोंबड्यांच्या खुराड्याचं कार्यालय करून त्याने धंदा चालवला होता. १९६० साली नव्या संयुगांची ‘इंडेक्स केमिकस’ ही सूची निघाली.

दुसरी कल्पना मात्र त्याने वकिलांकडून उचलली. जुना निवाडा पुढे कुठल्या खटल्यांत आधाराला घेतला गेला, कुठे फिरवला गेला, हे सांगणारी शेपर्डची सूची अमेरिकेतले वकील १९व्या शतकापासून वापरत होते. तसंच शोधनिबंधांचं करावं, असं गारफिल्डने १९५५ साली ‘सायन्स’मध्ये मांडलं. त्यातून १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आला; पहिल्या सूचीत ६१३ नियतकालिकं होती. सूचीत कोणती घ्यावीत हे ठरवायला त्याने आणि आयर्विंग शेरने एक गणित बसवलं: मागच्या २ वर्षांतल्या लेखांचे यंदा सरासरी किती उल्लेख झाले? हाच इम्पॅक्ट फॅक्टर. सूची विकणाऱ्याने आपल्या कामासाठी केलेलं, नियतकालिकाचं माप. एकेका लेखाबद्दल ते फारसं काही सांगत नाही, आणि लेखकाबद्दल तर त्याहून कमी.

आपल्याकडे यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत प्राध्यापकाच्या निबंधाला याच मापाने वाढीव गुण आहेत: इम्पॅक्ट फॅक्टर १०च्या वर असेल तर ३०, मुळात नसेलच तर ५. मालवणी किंवा अहिराणीवर मराठी नियतकालिकात छापलेला निबंध, कितीही वर्षं खपून लिहिला तरी, त्या ५च्याच रांगेत उभा राहतो.